शाब्दिक गणितं

“सहामाहीपर्यंत वाट बघू,” मुख्याध्यापक म्हणाले. “तोवर आपली भाषा आली नाही, तर तिला खालच्या वर्गात बसवा.”

बाईंनी मान डोलावली. नवी मुलगी चौथीत येऊन दोन महिने झाले होते आणि वर्गात तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. आकड्यांची गणितं ती चुटकीसरशी सोडवायची. शाब्दिक गणितांची जागा मात्र कोरी.

तिचे वडील ट्रक चालवायचे. त्यांना शाळेची भाषा कामापुरती येत होती, म्हणून बाईंनी त्यांनाच बोलावून घेतलं.

“घरी बोलून बोलून डोकं उठवते हो,” ते म्हणाले. “इथे गप्प असते, यावर तिच्या आईचा विश्वासच बसत नाही. पण बाई, खालच्या वर्गात बसवलंत तर ती शाळेतच यायची नाही. हट्टी आहे.”

बाईंनी तिला वर्गातल्या एका बडबडीशेजारी बसवलं. या पोरीच्या तोंडाचा पट्टा कायम चालू. कानावर पडून पडून काहीतरी येईल, एवढीच आशा.

महिनाभरात नवी हसायला लागली. मधल्या सुट्टीत बाई वह्या तपासायच्या, तेव्हा काचेच्या बंद खिडकीतून तिच्याभोवतीचा घोळका दिसायचा. वर्गात ती अजूनही गप्पच. लाजत असेल, बाईंना वाटलं.

सहामाहीत तिने शाब्दिक गणितंही सोडवली. एकूण एक बरोबर. पेपर चालू असताना बडबडी तिच्या कानाशी पुटपुटत होती, म्हणून बाईंनी दोघींचे पेपर ताडून पाहिले. बडबडीची पाचातली चार गणितं चुकली होती. ती काय डोंबल उत्तरं सांगणार?

बाईंनी शेरा लिहिला, ‘विद्यार्थिनीला शाळेची भाषा अवगत झाली आहे. याच वर्गात ठेवावे.’ मुख्याध्यापकांनी सही केली. फोनवर वडिलांनी बाईंना तेच दोनदा सांगायला लावलं.

मधली सुट्टी झाली. मैदानात नवी मधोमध उभी राहून हातवारे करत होती. खेळात कोण बाद, यावरून जुंपली असावी. पोर बोलायला लागली, तर एकदा ऐकावं तरी, म्हणून बाईंनी खिडकी उघडली.

बडबडीसकट सगळा वर्ग नवीच्या भाषेत तावातावाने भांडत होता. बाईंना एक शब्दही कळेना.