बुटक्यांची रांग

अँटिग्वा शहरात पवित्र शुक्रवारी येशूची पालखी उचलणाऱ्यांना खांद्याची उंची मोजून रांगांत उभं करतात. म्हातारा फाब्यान मोजपट्टीखाली जाईना. “नमतो तोच उंच होतो, असं बायबल सांगतं,” मोजणारा म्हणाला. “ते बुटक्यांसाठी लिहिलंय. चाळीस वर्षं उंचांत चाललोय,” म्हणत फाब्यान थेट उंचांच्या रांगेत शिरला. पालखी उठली आणि कळलं, दांडा खांद्याच्या बोटभर वरूनच चाललाय. वयाने कधी खुजं केलं, ध्यानातच आलं नव्हतं. ओझं वाहण्याचं सोंग आणत तो चालत राहिला. त्या सोंगानेच थकून गेला. कोपऱ्यावर दांडा अलगद खांद्यावर आला. त्याने चमकून पाहिलं: अख्खी रांग गुडघ्यात वाकून, घामाघूम होत चालली होती. “आता लागतोय ना, बाबा?” शेजारचा चेपे धापा टाकत म्हणाला. “लागतोय रे.” पाळी संपताच फाब्यान मोजणाऱ्याकडे गेला, बूट काढून पट्टीखाली उभा राहिला. म्हणाला, “मोज या बुटक्याला.”