बाबांची शीळ

लिनक्सवरचा जुना कॉम्प्युटर सकाळपासून एकच पालुपद लावून बसला होता: ड्राइव्हमध्ये सीडी नाही. सीडी तर लेकीने गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने आत सरकवली होती. बाबांची शीळ रेकॉर्ड केलेली होती तीत, चिमण्यांना रोज बोलावायची ती. तिने सीडी उघडायच्या, माउंटच्या सगळ्या कमांड देऊन पाहिल्या, परवानग्या तपासल्या, केबल काढून परत जोडली. पालथ्या घड्यावर पाणी! भिंतीवर मात्र एक सप्तरंगी कवडसा डुलत होता. मधूनच तिच्या बोटांवर उतरायचा आणि परत जायचा. शेवटी हात टेकून तिने ड्राइव्हचं बटण दाबलं. कप्पा बाहेर आला, रिकामा.

"आई, यातली सीडी कुठेय?"

"ती काय, खिडकीत टांगलीय."

"अगं, असल्या चमचमणाऱ्या सीडीला भिऊन पाखरं पळतात!"

"पळतील कशाला? यांची शीळ आहे ना तीत? हे गेल्यापासून एक चिमणी इकडे फिरकली नव्हती."

लेक सीडी काढायला उठली, खिडकीपर्यंत गेली आणि पाऊल न वाजवता मागे फिरली.

कठड्यावर तीन चिमण्या बसल्या होत्या.