सरळ चाल

दवाखान्यातल्या पडद्यावरची रेघ पुन्हा लाल पट्ट्यात शिरली, तशी बायको बाकावरून अर्धी उठली.

"बास, काका. बसा आता," मोजणी करणारी मुलगी म्हणाली. नवऱ्याच्या तोंडावर मास्क होता आणि मास्कची नळी यंत्रात गेली होती. चालताना शरीराला किती कष्ट पडतात, ते हे यंत्र श्वासावरून सांगायचं.

पक्षाघातानं त्याची डावी बाजू लुळी पडली होती. पाय हळूहळू परत आला, पण किती, ते आज ठरणार होतं. रेघ लाल पट्ट्याच्या खाली राहिली, तर दोन गल्ल्या पलीकडच्या त्याच्या किल्ल्यांच्या दुकानात एकट्यानं चालत जायला हरकत नाही. नाहीतर चाकांची खुर्ची. आणि तो सकाळीच म्हणाला होता, "खुर्चीतून जायचं असेल, तर दुकान विकून टाक." बोलला की करणारा माणूस. त्याचीच तिला धास्ती होती.

"पण चालले किती छान!" ती म्हणाली. खरंच होतं ते. पाऊल उचललेलं, खांदे सरळ. ही चाल तिनंच घडवली होती, घरभर त्याच्या मागे फिरून, डोळ्यांत तेल घालून. अहो, पाय उचला. खांदा पाडू नका. लोक हसतील.

मुलीनं एकदा पडद्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता?"

तिला रागच आला. आपण समोर असलो की त्यांना धीर येतो, हे या कालच्या पोरीला कोण सांगणार? ती बाहेर गेली, पण बसली नाही. दाराच्या काचेला डोळे लावून उभी राहिली. जीव टांगणीला लागला होता.

विसावा घेऊन नवरा उठला आणि भलतंच चालू लागला. डावा पाय बाहेरून फेकत, बूट फरशीवर घासत, खांदा खुशाल पाडून. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात! काचेवर टकटक करायला तिनं हात उचलला, तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. रेघ लाल पट्ट्याच्या कितीतरी खाली होती. तो भिंतीपाशी वळला, परत आला, तरी रेघ हलली नाही. मुलगी काहीतरी म्हणाली आणि मास्कच्या वर त्याचे डोळे हसले. आजारपणानंतर चालताना तो हसलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

दार उघडलं. "काका पास! जाऊ देत दुकानात."

"मग मघाशी एवढा दम कसा लागला?"

मुलगी घुटमळली. "मघाशी ते तुमच्यासाठी चालत होते, काकू."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात नवरा दारात आला. तिला पाहताच त्यानं खांदा सावरला, डावा पाय कसाबसा उचलला, आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला.

तिनं चटकन पाठ फिरवली.

"मी पुढे होऊन गाडी बघते," ती म्हणाली. "तुम्ही या, तुमच्या चालीनं."

लांबलचक व्हरांडाभर तिच्या मागून बूट घासत येत राहिला, आणि तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.