चाकांवरचं घर

राहतं घर विकून लाइलने चाकांवरचं घर घेतलं आणि त्याला जणू शिंगंच फुटली. आज डोंगरात, उद्या वाळवंटात अशी ऐट मिरवायचा. पण दर शनिवारी त्याची ती अजस्र गाडी टूसॉन शहरात धाकट्या बहिणीच्या, वर्नाच्या, भाड्याच्या फ्लॅटखाली हटकून उभी राहायची. गाडीतल्या न्हाणीघरात त्याने गोल्फच्या काठ्या कोंबल्या होत्या.

आजही तो तिच्या स्वयंपाकघरात ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून तिचीच कॉफी ढोसत होता. मागे तिच्या वॉशिंग मशीनमध्ये त्याच्या चादरी गरगरत होत्या आणि बायको डार्लीन आत शॉवरखाली गात होती.

"भाडं भरणं म्हणजे घरमालकाच्या तुंबड्या भरणं!" लाइल म्हणाला. "मला बघ, मी कुणाच्या बापाचा मिंधा नाही. तू मात्र भिंतीत खिळा ठोकायचा तरी दुसऱ्याची परवानगी मागत बस जन्मभर!"

एरवी वर्ना नुसती दातओठ खायची. आज मात्र गोड हसली.

"पटलं बाबा तुझं! कालच घरमालकाला नोटीस दिली. महिनाअखेर किल्ली परत करायची आणि तुझ्यासारखीच गाडी घेऊन सुटायचं."

लाइलचा कप तोंडाशीच थबकला.



"अगं, वेड लागलंय का तुला? भाड्याचं का होईना, पण आपलं हक्काचं घर आहे ते!"