ज्यांना कोच हवाय, त्यांनी हात वर करा

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या हमालांची फुटबॉल टीम सलग नववी मॅच हरली, तेव्हा कोच झहूरला ठेवायचं की काढायचं यावर भरदुपारी गाळ्यातच मीटिंग बसली.

टोळीचा मुकादम इंद्रजित टीमचाही सेक्रेटरी होता. टीममधल्या हमालांना तो पोती उचलायला लावत नसे, बसून शिवायला द्यायचा. बाकी कुणाच्याने ओझं उचलवेनासं झालं, की त्याचं नाव टोळीतून कटायचं. पण आज तो भडकला होता.

"नऊच्या नऊ मॅचमधी बॉल बाबासोच्या डोक्यावरनं आत गेलाय. गोलकीपर बदल, गोलकीपर बदल म्हणून घसा सुकला आमचा. का नाय बदलत?"

"माझा गोलकीपर तोच," झहूर एवढंच म्हणाला.

"मग आमी कोचच बदलतो. ज्यांना झहूरभाई पाहिजे, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. सगळ्यांच्या नजरा बाबासोकडे वळल्या.

"ज्याला एवढं सांभाळलं, तो पण हात उचलंना!" कुणीतरी फिदीफिदी हसलं.

झहूरने गळ्यातली शिट्टी काढून मुकादमापुढे ठेवली.

ते बघून बाबासोने हातातलं दाभण टाकलं आणि दात-ओठ आवळत तो दोन्ही हात उचलायला लागला. ते छातीपर्यंत आले आणि तिथेच अडकले, मैदानात अडकायचे तसेच.

झहूर झटकन त्याच्यासमोर आडवा उभा राहिला. त्याने बाबासोचे हात धरले आणि हळूच खाली दाबले.

"नको, बाबासो. मुकादम बघतोय."