पहिली बुडी

सप्ताहाच्या कीर्तनात महाराजांनी दृष्टान्ताला इंग्रजी सिनेमाच घेतला. समुद्रात माणूसखाऊ मासा आलेला, पण पर्यटकांचा सीझन बुडेल म्हणून गावच्या पुढाऱ्यानं किनारा उघडाच ठेवला, अन् लेकरं गिळली गेली! पहिल्या रांगेत बसलेल्या सरपंच शेषेरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. “कसला हैवान म्हणावा हा पुढारी!”

मागं बसलेल्या धोंडाबाईचा जीव भांड्यात पडला. परवाच घाटावरून तिचं वासरू मगरीनं ओढून नेलं होतं, आणि काल्याची गर्दी बिथरेल म्हणून सरपंचांनीच तिला गप्प बसवलं होतं.

कीर्तन उठल्यावर तिनं त्यांना गाठलं. “मालक, मंग उद्या घाटावरची आंघोळ बंद ठेवता न्हवं?”

“येडी का खुळी गं तू? त्यो खारा समिंदर. ही आपली गंगामाय हाय. माय कधी लेकरं खाती का?”

सकाळी टाळ-मृदंगाच्या गजरात पहिल्या बुडीचा मान सरपंचांच्या घराला मिळाला. शेषेरावांनी हात जोडले आणि नातीला, सृष्टीला, पायरीवरून पाण्यात उतरवलं.

धोंडाबाई बघत राहिली. पाणी निवांत होतं. वासरू गेलं तेव्हाही ते असंच निवांत होतं.