राजाचं ताट

ग्रीकांचा वेढा पडला, अन्न आटलं, तरी किल्लेदार बगपातांनी रीत मोडली नाही. आम्हा इराण्यांत दूरच्या राजाच्या नावाचं ताट पडद्याआड ठेवल्याशिवाय कुणी जेवत नाही.

शेवटी आम्ही खाटांच्या चामडी वाद्या उकडून खाल्ल्या. आज त्याही संपल्या.

"काय वाढू, सरकार? माझी हाडं?" मी आचारी, वैतागून बोललो.

"रिकामं ठेव. पण ठेव."

मी ठेवून आलो. थोड्या वेळानं पडद्यामागून चघळल्याचा आवाज आला, अगदी चवीनं.

किल्लेदारांनी तलवार उपसली. "आत कोण घुसलंय रे?"

"कुणी नाही, सरकार. आत यायला दुसरी वाटच नाही."

आवाज थांबला. पडद्याखालून रिकामं ताट सरकत आलं आणि किल्लेदारांच्या पायाशी थांबलं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

तलवार अजून हातातच होती.